पन्नाशीनंतरचे कयाकिंग : फेसाळत्या पाण्याशी नव्याने जुळवून घेताना

ज्याने विशी-तिशीत फेसाळत्या नद्यांमध्ये कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद नाव, चालवली आहे, त्याला पन्नाशीच्या आसपास एक गोष्ट जाणवू लागते. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारावर, उलटल्यावर रोल (नावेत बसल्या बसल्या ती पुन्हा सरळ करणे) अजूनही होतो, पण पूर्वी पहिल्याच प्रयत्नात सरळ होणारी नाव आता दुसऱ्या प्रयत्नात सरळ होते, आणि मधल्या चार-पाच सेकंदांत छातीतली हवा पूर्वीपेक्षा लवकर संपते. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो आणि ते दुखणे आठवडाभर रेंगाळते. अशा वेळी बहुतेक जण दोनांपैकी एक मार्ग धरतात. काही जण काहीच बदलले नाही असे मानून त्याच नद्या त्याच पद्धतीने उतरत राहतात आणि एखाद्या दुखापतीने थांबतात. काही जण एका वाईट दिवसानंतर नाव विकून टाकतात. हे दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत आणि दोन्हींचे मला वाईट वाटते, कारण योग्य क्रमाने बदल केले तर हा खेळ साठीत आणि त्यापुढेही खेळता येतो. तो क्रम कोणता आणि प्रत्येक टप्प्यावर नेमके काय करायचे, ते या लेखात मांडले आहे.

सुरुवातीला एक भेद समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. रॅपिडचा अवघडपणा आणि रॅपिडचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न चुकता खाली उतरायला किती कौशल्य लागेल हा अवघडपणा झाला. चूक झालीच तर त्या जागी माणसाचे काय होईल हा परिणाम झाला. नद्यांची १ ते ६ अशी जी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते, तिच्यात या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. खाली लांबलचक शांत डोह असलेला चौथ्या श्रेणीचा रॅपिड आणि वळणावर झाड आडवे पडलेला तिसऱ्या श्रेणीचा रॅपिड यांची तुलना केली, तर आकडा कमी असूनही दुसरा अधिक घातक असू शकतो.

वय वाढते तेव्हा पाणी वाचण्याची नजर, तोल आणि पॅडल (दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे) टाकण्याची वेळ साधणे ही कौशल्ये बराच काळ टिकतात. चेक प्रजासत्ताकाच्या श्तेपांका हिल्गेर्तोव्हा यांनी १९९६ आणि २००० मध्ये स्लालममध्ये, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून नाव काढण्याच्या शर्यतीत, ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्या ४४ व्या वर्षी उतरल्या होत्या. आधी कमी होते ती चुकीतून सावरण्याची ताकद, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या रोलसाठी उरणारा दम, थंड पाण्यात पोहण्याची क्षमता आणि आपटल्यानंतर भरून येण्याचा वेग. म्हणून माझे म्हणणे असे आहे की वाढत्या वयात आधी मोठ्या परिणामाच्या जागा सोडाव्यात आणि अवघडपणा सर्वांत शेवटी सोडावा. बहुतेक लोक याच्या उलट करतात. ते सरसकट एक श्रेणी खाली येतात, खेळातली गोडी घालवून बसतात आणि खालच्या श्रेणीतल्या आडव्या झाडांकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाहीत.

वॉल्ट ब्लॅकॅडार हे नाव या संदर्भात आठवते. पेशाने डॉक्टर असलेला हा अमेरिकन माणूस १९७१ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कॅनडातल्या आल्सेक नदीच्या टर्नबॅक घळीतून एकटा कयाकने उतरला. त्या काळी ही घळ उतरणे अशक्य समजले जात होते. १९७८ मध्ये त्या घळीच्या मानाने सौम्य असलेल्या, अमेरिकेतल्या साउथ फोर्क पेएट नदीवर पाण्यात आडव्या असलेल्या एका ओंडक्याखाली अडकून त्याचा मृत्यू झाला. त्या अपघाताचे खापर मी वयावर फोडत नाही; असा ओंडका विशीतल्या माणसालाही सोडत नाही. आपली नजर मात्र नदीच्या नावलौकिकावर न राहता त्या ओंडक्यावर राहिली पाहिजे.

पहिली पायरी : एका हंगामाची प्रामाणिक नोंद

बदल करण्यापूर्वी आपण आज कुठे आहोत हे कळायला हवे, आणि त्यासाठी स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही, कारण मनात आपल्या उत्तम दिवसांच्या आठवणी राहतात. एक छोटी वही ठेवावी. प्रत्येक वेळी नदीवरून परतल्यावर त्याच दिवशी तीत लिहावे : नदीची पातळी किंवा प्रवाह, पाणी किती थंड होते, किती वेळा उलटलो, त्यांपैकी पहिल्या प्रयत्नात किती रोल झाले, किती वेळा नावेतून बाहेर पडून पोहावे लागले, दिवसाच्या कोणत्या टप्प्यावर थकवा जाणवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शरीर कसे होते. नोंद पाच ओळींपेक्षा मोठी नसावी, नाहीतर ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडते.

हंगामाच्या शेवटी ही वही वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पहिल्या प्रयत्नात होणाऱ्या रोलचे प्रमाण दुपारनंतर घसरते का. दुसरी, दुखणे किती दिवस टिकते. ही तुलना पंचविशीतल्या स्वतःशी करू नये. ती गेल्या वर्षीच्या स्वतःशी करावी, कारण तिच्यातूनच काही ठरवता येते. माझ्या वहीतून मला कळले की माझे पोहणे जवळजवळ नेहमी जेवणानंतरच्या तासाभरात घडत होते. त्या एका नोंदीमुळे मी अवघड भाग सकाळी उतरू लागलो आणि पुढच्या वर्षी पोहण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले.

दुसरी पायरी : वैद्यकीय तपासणी, पण या खेळाच्या अंगाने

डॉक्टरांना केवळ 'मी व्यायाम करतो' असे सांगणे पुरेसे नाही. थंड पाण्यात अचानक बुडणे, श्वास रोखून उलटे राहणे आणि त्याच वेळी जोर लावणे असा हा खेळ आहे, हे स्पष्ट सांगावे. हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करून काढला जातो. त्यानुसार पंचविशीत सुमारे १९० आणि पंचावन्नाव्या वर्षी सुमारे १७० ठोके येतात. ही वरची जागाच आकसलेली असते. गार पाण्यात पडताच घाबरल्यासारखा श्वास सुरू होतो, रक्तदाब चढतो आणि ठोके वाढतात. त्याच वेळी चेहरा पाण्याखाली गेल्याने ठोके मंद करणारी प्रतिक्षिप्त क्रियाही सुरू होते. ज्याच्या हृदयाच्या लयीत आधीच दोष आहे, त्याला या दोन विरुद्ध ओढींचा त्रास होऊ शकतो. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत थंड पाण्यात पोहताना फुप्फुसांत द्रव साचण्याचाही धोका असतो. पाण्यात असताना श्रमाच्या मानाने फार दम लागला, खोकला आला किंवा फेसाळ थुंकी पडली, तर ताबडतोब बाहेर पडून वैद्यकीय मदत घ्यावी.

औषधांचीही चर्चा करावी. बीटा-ब्लॉकर घेत असल्यास हृदयाचे ठोके एका मर्यादेपुढे वाढत नाहीत, त्यामुळे जोराच्या क्षणी ताकद कमी पडल्यासारखी वाटते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला हेल्मेट असूनही डोक्याला मार बसला, तर आतल्या रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. अशा व्यक्तीने उथळ आणि खडकाळ नद्यांचा गांभीर्याने फेरविचार करावा.

डोळे, कान आणि पाठ यांकडे सहसा दुर्लक्ष होते. मोतीबिंदूच्या सुरुवातीला पाण्यावरची चकाकी असह्य होते आणि उन्हातून सावलीत शिरताना नजर स्थिरावायला वेळ लागतो, म्हणजे अरुंद घळीच्या तोंडाशी काही क्षण पुढचा खडक दिसतच नाही. अनेक वर्षे थंड पाण्यात घालवलेल्यांच्या कानाच्या नळीत हाडाची वाढ होते आणि नळी अरुंद होत जाते. कानात बोळे घातल्यास ही वाढ रोखायला मदत होते, म्हणून ते आजपासूनच वापरावेत. पाठीचा मुद्दा थेट पाण्याशी जोडलेला आहे : धबधब्यावरून नाव सपाट आपटली की धक्का थेट कण्याच्या मणक्यांत जातो आणि हाडांची घनता कमी झालेली असेल, तर मणका दबून मोडू शकतो. विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या कोणीही, हाडांच्या घनतेची चाचणी केल्याशिवाय उंच उड्या घेऊ नयेत.

तिसरी पायरी : खांदा

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण वाढत्या वयातले बहुतेक कयाकपटू खांद्यापाशी अडतात. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः रोटेटर कफ नावाचा चार स्नायूंचा गट करतो. वयानुसार या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, झिजतात आणि साठीनंतर अनेकांच्या कंडरांना काहीही न दुखता चिरा पडलेल्या असतात. त्यामुळे दुखत नाही म्हणून खांदा धडधाकट आहे असे समजता येत नाही.

खांदा निखळतो तो एका ठरावीक स्थितीत : हात खांद्याच्या रेषेच्या वर आणि मागे गेलेला, कोपर बाहेर फिरलेले आणि पॅडलच्या पात्यावर पाण्याचा जोर. होलमध्ये, म्हणजे पाणी खडकावरून कोसळून उलटे फिरते त्या जागी, घाबरून पॅडल उंच धरून आधार घेतला की ही स्थिती तयार होते. तरुणपणी खांदा निखळला तर तो पुन्हा पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते. चाळिशीनंतर निखळला तर त्याच झटक्यात रोटेटर कफ फाटण्याची शक्यता वाढते. म्हणून या वयात खांदा बसवल्यानंतरही काही दिवसांत हात वर उचलता येत नसेल, तर 'सूज उतरेल' असे म्हणून थांबू नये. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावे, कारण फाटलेली कंडरा शिवायची असल्यास उशीर महागात पडतो.

प्रतिबंधाची सुरुवात आरशासमोर करावी. पॅडल दोन्ही हातांत छातीसमोर धरावे. दोन हात, पॅडलचा दांडा आणि छाती यांमध्ये एक चौकोन दिसेल. आता उजवीकडे मागे बघण्यासाठी शरीर वळवावे, पण तो चौकोन मोडू देऊ नये. म्हणजे हात मागे न नेता कंबरेपासून वरचे धड वळवावे. सुरुवातीला ही वळण्याची कक्षा आश्चर्य वाटावे इतकी लहान असते, कारण वयानुसार पाठीचा वरचा भाग ताठर होतो आणि ती कमतरता आपण नकळत खांद्याने भरून काढत असतो. म्हणून धडाची फिरत वाढवणे हाच खांद्याचा पहिला व्यायाम आहे : कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा हात आणि छाती हळूहळू दुसऱ्या बाजूला उघडणे, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, रोज.

त्यानंतर रबरी पट्ट्याचे व्यायाम. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या दिशेने फिरवणे आणि पट्टा छातीकडे ओढताना पाठीची पाती एकमेकांकडे आणणे, हे दोन व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, हलक्या पट्ट्याने पंधरा-पंधरा वेळा करावेत. पट्टा जड घेण्याचा मोह टाळावा. हे लहान स्नायू आहेत आणि जड पट्ट्याने काम मोठे स्नायूच करून टाकतात. नदीवर उतरण्यापूर्वी काठावर किमान पंधरा मिनिटे शरीर गरम करावे. तरुण सोबती तोवर पाण्यात उतरून वाट बघत असतात आणि त्याचा संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ही पंधरा मिनिटे सोडू नयेत.

पाण्यातली सवय बदलणे सर्वांत अवघड असते. उंच आधाराऐवजी खालचा आधार घ्यायला शिकावे : कोपरे वर, हात खाली, पात्याची पाठ पाण्याकडे आणि दांडा पोटाजवळ. आधी शांत पाण्यात, मग लहान लाटेवर, आणि मग लहान होलमध्ये बाजूने बसून हा सराव करावा. शेकडो वेळा केल्याशिवाय घाबरलेल्या क्षणी शरीर जुन्याच सवयीकडे धावते.

चौथी पायरी : ताकद, चपळाई आणि काठावरचा तोल

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्याहून महत्त्वाचे असे की वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी आक्रसतात, म्हणून ताकदीपेक्षा झटका लवकर कमी होतो. कयाकिंगमध्ये तर झटकाच लागतो. कंबरेने नाव सरळ करणारी हालचाल अर्ध्या सेकंदात झाली नाही, तर तिचा उपयोग नसतो. त्यामुळे केवळ जड वजने हळूहळू उचलून भागत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, शरीर ताजे असताना, काही हलके पण वेगवान व्यायाम करावेत : दोन-तीन किलोचा चेंडू धड वळवून भिंतीवर फेकणे, खुर्चीतून झटकन उठून सावकाश बसणे. सांध्यांचा त्रास असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाकडून हे व्यायाम आपल्या शरीराप्रमाणे बेतून घ्यावेत.

पायांना विसरू नये. नाव साधारण वीस किलोची असते आणि ती खांद्यावर घेऊन ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून चालावे लागते. माझ्या पाहण्यातल्या ज्येष्ठ कयाकपटूंच्या दुखापतींपैकी बऱ्याचशा पाण्यात झालेल्याच नाहीत. त्या काठावर पाय घसरून झाल्या. एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून तोच सराव करणे आणि पायऱ्यांवर वजन घेऊन चढ-उतार करणे यांचा थेट उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणाऱ्या हालचाली सुचवते. त्याच्या जोडीला मांड्यांच्या मागच्या स्नायूंचा ताण रोज घ्यावा. ते आखडलेले असले की नावेत बसताना कंबर मागे ढकलली जाते, पाठीला पोक येतो आणि धड वळेनासे होते.

विश्रांतीबद्दल एकच नियम सांगतो : सलग दोन दिवस नदीवर गेल्यास तिसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा.

पाचवी पायरी : रोल आणि पोहणे, दोन्ही नव्याने शिकणे

आपल्याला रोल येतो असे गृहीत धरून चालणारा अनुभवी माणूस धोक्यात असतो, कारण त्याच्या रोलमध्ये वर्षानुवर्षांच्या ताकदीने झाकलेल्या चुका असतात. ताकद ओसरली की त्या उघड्या पडतात. सर्वांत सामान्य चूक म्हणजे डोके आधी वर काढणे. डोके जड असते आणि ते शेवटीच वर यावे लागते; ते आधी उचलले की उरलेले काम दंडांना करावे लागते. एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडून तरणतलावात दोन-तीन सत्रे घ्यावीत, चित्रीकरण करून घ्यावे आणि पॅडल अगदी सैल धरून रोल होतो का ते पाहावे. सैल हातांनी झालेला रोल कंबरेने झालेला असतो.

उलटल्याबरोबर पुढे वाकून नावेच्या पृष्ठभागाला चिकटावे, म्हणजे चेहरा आणि खांदे दोन्ही खडकांपासून वाचतात. रोलच्या शेवटी मागे रेलून संपवण्याची सवय असल्यास ती सोडावी. त्या स्थितीत हात डोक्याच्या मागे राहतो आणि खांदा उघडा पडतो. डाव्या बाजूचा रोलही शिकावा, म्हणजे एक खांदा दुखावला तरी मार्ग उरतो. जाता जाता एक माहिती : ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पाव्लाटा यांनी १९२७ मध्ये आर्क्टिक प्रदेशातील लोकांच्या पद्धतीचा रोल आत्मसात केला, तेव्हा ते पॅडलच्या एका टोकाचे पाते हातात धरून लांब तरफ तयार करत असत. शांत पाण्यात, आत्मविश्वास ढासळल्यावर, या पद्धतीने पुन्हा सुरुवात करणे सोपे जाते.

किती प्रयत्नांनंतर नाव सोडायची, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे. मी दोन हा आकडा धरला आहे. तिसऱ्या प्रयत्नात माझा रोल क्वचितच होतो आणि त्यात खर्च झालेला दम मला नंतर पोहायला लागतो.

पोहण्याचा सराव दरवर्षी हंगामाच्या आरंभी, सुरक्षित जागी, पूर्ण पोशाखात करावा. सुरुवातीला पाय पुढे करून पाठीवर तरंगणे, मग संधी दिसताच पालथे होऊन जोरात एडीकडे, म्हणजे खडकामागे पाणी उलट वळून शांत होते त्या जागेकडे, पोहत जाणे. आणि पाणी गुडघ्याहून खोल व वाहते असताना कधीही उभे न राहणे, कारण पाय खडकांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. पुढे झाड आडवे आले आणि टाळता आले नाही, तर मात्र पाय पुढे ठेवू नयेत. डोके पुढे करून पूर्ण जोराने झाडावर चढण्याचा प्रयत्न करावा. थंड पाण्यात साधारण एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जाते आणि त्यानंतर सुमारे दहा मिनिटेच हातपाय उपयोगी पडतील असे हलतात, हे लक्षात ठेवून नाव आणि पॅडल यांचा मोह वेळीच सोडावा.

सहावी पायरी : नाव आणि साहित्य

इथे फार बोलण्याची गरज नाही. वजनाच्या मानाने जास्त आकारमानाची नाव घ्यावी. ती होलमधून लवकर वर येते आणि चुका पोटात घालते. लहान, बुडती नाव तरुणपणी गंमत देते, पण ती सतत आधार घ्यायला लावते आणि तो भार खांद्यांवर पडतो. पॅडल किंचित आखूड आणि लहान पात्याचे असावे, म्हणजे प्रत्येक फटक्याचा सांध्यांवरील भार कमी होतो. मनगटे दुखत असतील तर पात्यांमधला कोन कमी करून पाहावा. वाकड्या दांड्याचे पॅडलही अनेकांना मानवते. ड्राय सूटवर, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या पोशाखावर, खर्च करताना मन आखडते घेऊ नये, कारण उबदार शरीर उशिरा थकते. पायांचा टेका आणि मांड्यांची पकड घट्ट असावी, पण नावेतून बाहेर पडताना गुडघे अडकत नाहीत ना, हे काठावर आणि पाण्यात उलटे होऊन, दोन्हीकडे तपासावे.

सातवी पायरी : नदी निवडणे

आता सुरुवातीला सांगितलेला भेद कामाला येतो. प्रत्येक रॅपिडसमोर थांबून, शक्यतो नावेतून उतरून काठावरून पाहणी करताना, स्वतःला याच क्रमाने विचारावे. इथे मी उलटलो आणि रोल झाला नाही, तर पाणी मला कुठे नेईल? त्या वाटेवर झाड, खालून पोखरलेला खडक किंवा सोडत नाही असे होल आहे का? खाली शांत पाणी किती अंतरावर आहे आणि मला वाचवणारा माणूस कुठे उभा राहू शकतो? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, तरच उतरण्याच्या रेषेचा विचार सुरू करावा. उत्तर वाईट असेल तर रेषा सोपी असली तरी नाव खांद्यावर घेऊन काठाने पुढे जावे. उत्तर चांगले असेल तर अवघड रेषेला घाबरण्याचे कारण नाही. अशाच जागी जुने कौशल्य मनसोक्त वापरता येते.

पाण्याचे तापमान सुमारे १० अंश सेल्सियसच्या खाली असेल किंवा नदी दुर्गम भागातली असेल, तर ती एक श्रेणी अधिक अवघड समजावी, असा प्रचलित नियम आहे. पन्नाशीनंतर मी हे दोन्ही घटक एकत्र आले की सरळ नकार देतो. पातळीबाबतही आधीच मर्यादा ठरवावी आणि ती वहीत लिहावी. सेकंदाला एक घनमीटर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला एक टन पाणी, आणि वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. काठावर उभे राहून, सोबत्यांच्या उत्साहात, हे गणित मनाला पटत नाही. म्हणून मर्यादा घरीच ठरवलेली बरी.

आठवी पायरी : सोबती आणि आपली जागा

गटातल्या लोकांना आपली स्थिती स्पष्ट सांगावी : खांदा कोणता दुखरा आहे, कोणती औषधे चालू आहेत, दुपारनंतर आपण मंदावतो का. ही माहिती लपवली की वाचवायला येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. बहुतेक तरुण सोबती हे आदराने ऐकतात. जो गट पोर्टेज करणाऱ्याची, म्हणजे नाव उचलून काठाने जाणाऱ्याची, थट्टा करतो, तो गट सोडावा. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

त्याच वेळी आपल्याकडे काय आहे तेही ओळखावे. वर्षानुवर्षे पाणी वाचलेली नजर गटाला फार उपयोगी असते. रॅपिडच्या खाली दोरीची पिशवी घेऊन नेमके कुठे उभे राहायचे, पोहणारा कोणत्या एडीत येईल, पातळी वाढू लागल्याची पहिली खूण कोणती, हे अनुभवी माणसाला आधी दिसते. काठावर उभे राहून दोरी टाकण्याला अनेक जण हलके काम समजतात. मला आता त्यात रॅपिड उतरण्याइतकेच समाधान मिळते. मात्र आपल्या ताकदीबाहेरच्या बचावाची जबाबदारी घेऊ नये. पाण्याने भरलेली नाव प्रवाहातून ओढून नेणे आपल्याला झेपते का, हे सरावात पाहिलेले असावे.

नववी पायरी : सोडलेल्या नद्या आणि उरलेल्या नद्या

काही नद्या सोडाव्या लागतील आणि त्याचे दुःख होईल. ते दुःख खरे आहे, ते घाईने झटकू नये. ज्या नदीवर आपण उमेदीची वर्षे घालवली, तिच्या काठावरून इतरांना उतरताना पाहणे सोपे नसते. मला एका घळीबाबत हे करावे लागले. पहिल्या वर्षी मी तिकडे गेलोच नाही, दुसऱ्या वर्षी दोरी घेऊन काठावर उभा राहिलो आणि त्या दिवशी प्रथमच तिच्या मधल्या होलचे पाणी किती वेळाने उसळते आणि किती वेळाने बसते, ते निवांत मोजले.

नदी सोडण्याचा निर्णय एखाद्या वाईट दिवसाच्या संध्याकाळी घेऊ नये. नोंदवहीतला पूर्ण हंगाम समोर ठेवावा. पहिल्या प्रयत्नातला रोल वारंवार हुकू लागला, पोहल्यानंतर सावरायला तास लागू लागले, किंवा उतरण्याच्या आदल्या रात्रीची उत्सुकता जाऊन फक्त भीती उरली, तर मोठ्या परिणामाच्या जागा त्या हंगामापासून बंद कराव्यात.

उरलेल्या नद्यांवर मग काम सुरू होते. दुसऱ्या श्रेणीचा, खाली डोह असलेला, ओळखीचा रॅपिड घ्यावा आणि त्यातली एकही एडी न सोडता खाली यावे. पुढच्या खेपेला प्रत्येक एडीतून बाहेर पडताना फटक्यांची संख्या मोजावी आणि ती एकाने कमी करावी. प्रवाह आडवा ओलांडताना तीन फटक्यांत पलीकडे जाता येते का ते पाहावे, मग दोन फटक्यांत. त्यानंतर तोच रॅपिड डाव्या बाजूच्या फटक्यांवर भर देऊन उतरावा. मी हा सराव सुरू केला तेव्हा ज्या रॅपिडला तरुणपणी वळूनही पाहिले नव्हते, त्यात मला अकरा एड्या सापडल्या, आणि त्यांपैकी वरून चौथी, एका बुटक्या खडकामागची, अजून माझ्या हाती लागलेली नाही.